एक जूनचा गोलकीपर

संस्थान विलीन झालं त्या वर्षी मोखाड्याच्या माझ्या शाळेतली सगळी मुलं एकाच दिवशी जन्मली. एक जून. ते रजिस्टर वाळवीने खाल्लं नसेल तर अजूनही तसंच असेल. निळी शाई, अक्षर माझं. त्या काळी मला माझ्या वळणदार अक्षराचा फार तोरा होता.

जव्हारचं राज्य मुंबई राज्यात गेलं आणि संस्थानच्या शाळा एका फटक्यात सरकारी झाल्या. नव्या सरकारला नवी रजिस्टरं हवी होती. त्यात प्रत्येक मुलापुढे जन्मतारखेचा रकाना होता आणि तो कोरा ठेवायचा नाही, असा साहेबांचा हुकूम होता. तपासणीला चार दिवस उरलेले. मी तेव्हा बावीस वर्षांचा, कोल्हापूरहून नुकताच आलेला. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा मोडला आणि तालमीच्या संघातून माझं नाव गेलं. कोल्हापुरात फुटबॉल खेळता येत नसेल तर कोल्हापुरात राहायचंच नाही, असा त्रागा करून मी ही नोकरी घेतली होती. इथे यायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून ती मिळाली, हे मला नंतर कळलं.

तारखा ठरवायची रीत मला जुन्या शिपायाने दाखवली. मुलाला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यायला लावायचा. बोटं कानाला टेकली की सहा वर्षं पुरी. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून एक जून. साल मागे मोजून टाकायचं. मी रांग लावली आणि कान मोजत सुटलो.

त्या रांगेत पोशेरा गावचा एक मुलगा होता. घर रोजावर जाणारं, जमिनीचा तुकडाही नाही. दिवाळी झाली की आईबाप गवत कापायला खाली उतरायचे, नाहीतर जंगलाच्या कुपावर लाकूडतोडीला. मुलगा काटकुळा, पण हात असे की डोक्यावरून कानावर येऊन तिथे थांबलेच नाहीत; बोटं पार गालावर उतरली. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. "हा तर बाप्या आहे," म्हणालो आणि सहाऐवजी नऊ वर्षांचा हिशेब धरून साल लिहिलं. त्याची आई दारापाशी उभी होती. तिला काही विचारावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पुढची अकरा वर्षं मी मोखाड्यात काढली. आज कोणी विचारलं, तिथे काय केलंत, तर मी सांगतो की शिकवलं. खरं सांगायचं तर मी तिथे संध्याकाळी काढल्या. दिवस शाळेत जायचा. पाच वाजता मुलं डोंगर उतरून आपापल्या पाड्यांकडे निघायची आणि शाळेमागच्या खोलीत मी आणि माझा स्टोव्ह राहायचो. बाजाराच्या दिवशी माणसं भेटायची, पण ती आपसात ज्या भाषेत बोलायची ती मला अर्धी कळायची. माझी मराठी तर त्यांना कचेरीची वाटायची. मी जवळ गेलो की ती अदबीने गप्प व्हायची. लग्न माझं ठरलं होतं, मोडलं. मुलीकडच्यांनी मोखाडा कुठे आहे याची चौकशी केली होती.

रविवारी मी पोशेऱ्याच्या वाटेने चालत सुटायचो. काम काहीच नसायचं. एक वळण आहे, तिथून खाली पोशेऱ्याची घरं दिसतात. तिथवर जायचं, दगडावर बसायचं, धूर बघायचा आणि परत फिरायचं. गावात जाऊन कोणाला काय म्हणणार?

कोल्हापूरहून येताना मी ट्रंकेत एक फुटबॉल आणला होता. पहिल्या वर्षी मुलांना शिकवायचा प्रयत्न केला. आठवडाभर ती आनंदाने धावली, मग त्यांना कंटाळा आला. एक तर मी ओरडायचो फार. चेंडू खुंटीला टांगला गेला. पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरू नये म्हणून त्याला मोहाच्या बियांचं तेल चोळायचो आणि सायकलच्या पंपाने हवा भरून ठेवायचो. का, ते सांगता येणार नाही.

तो लांब हातांचा मुलगा चौथीनंतर शाळेतून गेला, तसे बहुतेक जायचेच. चारपाच वर्षांनी मोखाड्याजवळ रस्त्याचं काम निघालं, त्यावर खडी फोडायला तो आला. एका संध्याकाळी मी शाळेच्या मागच्या भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारत बसलो होतो. दुखऱ्या गुडघ्याला तेवढंच झेपायचं. चेंडू भिंतीच्या कडेला लागून वाटेकडे उडाला. वाटेने जाणाऱ्या त्या मुलाने तो एका हाताने वरच्या वर धरला. पाटीतली भाकरी उचलावी तसा.

"परत मारू का?" मी विचारलं.

"मारा ना, मास्तर."

अंधार पडायला लागेपर्यंत मी मारत होतो आणि तो धरत होता.

तीन हिवाळे हे चाललं. शाळेमागच्या मुरमाच्या माळावर आम्ही बांबूचे दोन खांब रोवले. दिवसभर खडी फोडून तो यायचा, हात धुवायचा आणि खांबांमध्ये उभा राहायचा. मुरमावर अंग टाकू नकोस म्हणून मी रोज ओरडायचो, तो रोज टाकायचा. कोपरं सोलून निघायची. मग आम्ही चेंडूला लावायचं तेच तेल त्याच्या कोपरांना लावायचो. नंतर पायरीवर बसून गुळाचा चहा. माझ्या ओरडण्याचं त्याला भय वाटत नसे. त्याला हसू यायचं.

तो चेंडू सुटायच्या आधीच हलायचा. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, पोरगं अंदाजाने उड्या मारतंय. एकदा विचारलं, तुला आधी कसं कळतं?

"तुमचा ढोपर सांगतो," तो म्हणाला. "दुखाया लागला का तुमी त्या अंगाला वाकता. मंग चेंडू दुसऱ्या अंगाला येतो."

माझ्याकडे इतक्या बारकाईने त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात, संक्रांतीनंतर, जव्हारला सामने झाले. जव्हारच्या संघाचा गोलकीपर तापाने आडवा होता. मी ओळखीने या पोराला उभं केलं. अनवाणी, माझी खाकी अर्धी चड्डी कमरेला सुतळीने आवळून. त्या दिवशी त्याने काय केलं ते वर्णन करायला मला येत नाही. एवढंच सांगतो की शेवटी शेवटी समोरच्या संघाची माणसंसुद्धा चेंडू मारून जागेवरच उभी राहायची, हा कसा धरतो ते बघायला.

ठाण्याहून एक गृहस्थ सामने बघायला आले होते. निवड करणाऱ्या मंडळींत त्यांची ऊठबस होती. सामन्यानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. आशियातल्या देशांची एक स्पर्धा भरते आहे, म्हणाले, वीस वर्षांखालच्या मुलांची. प्रत्येक देशाचा एक संघ. पावसाळ्यात, परदेशात. आपला संघ पाठवायचं चाललं आहे, मुंबईला महिन्याभराने चाचणी आहे. मुलगा किती वर्षांचा?

"सतरा असेल," मी म्हणालो. त्याच्या चेहऱ्याकडे बघून कोणीही तेच म्हणालं असतं.

"मग वयाचा दाखला पाठवा. शाळेचा चालेल. बाकी मी बघतो."

परतताना घाटात मी त्याला सगळं समजावून सांगितलं. 

"देश म्हंजे कवडा, मास्तर? जव्हार धरून?"

"जव्हार धरून. मोखाडा धरून. पोशेरासुद्धा."

"आन् तेवढ्याला एकच गोलकीपर?"

"एक. फार तर दुसरा बाकावर."

दुसऱ्या दिवसापासून तो बदलला. कुपाचा मुकादम माणसं न्यायला आला होता, त्याला त्याने नाही म्हटलं. विमान आत बसल्यावर हलतं का, तिकडे नागलीची भाकरी मिळते का, असं काहीबाही विचारायचा. परदेशातल्या मैदानावर मुरूम नसतो, गवत असतं, हे ऐकल्यावर त्याने सोललेल्या कोपराकडे पाहिलं आणि लहान मुलासारखा हसला. त्याला जायचं होतं. एवढी ओढ मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेली नाही.

आणि मी त्याच्यासमोर बसून चहा ढवळत मनात म्हणत होतो, हा गेला म्हणजे मी चेंडू कोणाला मारणार.

दाखला लिहायला म्हणून मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. पान सापडलं. निळ्या शाईत माझंच वळणदार अक्षर. त्या सालाप्रमाणे येत्या एक जूनला त्याला वीस पूर्ण होत होती. स्पर्धा त्यानंतर.

 तो वर्गातला हशा आठवला, गालावर उतरलेली ती बोटं आठवली. ज्या हातांनी तो देशाच्या संघात जाणार होता, त्याच हातांकडे बघून मी त्याला तीन वर्षं जास्त चिकटवली होती. गंमत म्हणून.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून जव्हारला गेलो. कचेरीतले कारकून वयस्कर होते, संस्थानच्या काळापासूनचे. त्यांनी चष्मा वर करून शांतपणे ऐकलं.

"गुरुजी, एवढं काही अवघड नाही," ते म्हणाले. "मुलाच्या आईला मोखाड्याला महालकरी साहेबांपुढे आणा. जन्म केव्हाचा ते तिने सांगायचं, गावातली दोन माणसं साक्षीला. आणि तारीख आपण अंदाजाने घातली, असं आपण लिहून द्यायचं. आठ दिवसांत माझ्याकडे आलं की मी पुढे काढतो."

"माझ्या नोकरीचं?"

"विचारतील. अंदाजाने एकच घातली का सगळ्याच, असं विचारतील." त्यांनी चष्मा खाली घेतला. "पण गुरुजी, अशाने कोणाची नोकरी गेलेली मी पाहिली नाही. इथे सगळ्यांचाच एक जून आहे. माझासुद्धा."

हे त्यांनी मला हसत सांगितलं. म्हणजे नोकरीच्या भीतीची सबबही माझ्याजवळ उरली नव्हती. तरी मोखाड्यापर्यंतच्या मोटारीत मी तीच सबब घट्ट धरून बसलो. नोकरी गेली तर कोल्हापूरला कोणत्या तोंडाने जायचं, आईला काय सांगायचं, एक ना दोन. आठ दिवसांतला पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या पोशेऱ्याला जाऊ. तिसऱ्या दिवशी पाय दुखतोय म्हटलं. रोज संध्याकाळी तो यायचा, खांबांमध्ये उभा राहायचा आणि मी मारायचो. इतकं चांगलं आम्ही कधीच खेळलो नव्हतो. मध्ये रविवार आला. मी पोशेऱ्याच्या वाटेने वळणापर्यंत गेलो, दगडावर बसलो, खाली धूर बघितला आणि परत आलो.

नवव्या दिवशी मी त्याला सांगितलं. खेळ झाल्यावर, पायरीवर.

"कागदाप्रमाणे तुझं वय जास्त होतंय. मी जव्हारला जाऊन आलो. कागद बदलत नाही म्हणतात."

तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. माझ्या गुडघ्याकडे बघत होता.

"माना वय कुठां होतां, मास्तर," तो म्हणाला. "तुमीच दिलां."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने चहा संपवला, पेला विसळून उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की रस्त्याचं काम त्याने सोडलं आणि होळीला घरी तोंड दाखवून कोणाबरोबर तरी ठाण्याकडे बांधकामावर गेला.

म्हणजे मी ज्याला धरून ठेवायला हे केलं, तो तसाही गेला. विमानाने नाही, एवढंच.

ठाण्याच्या गृहस्थांना मी दोन ओळींचं पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं नाही. वर्तमानपत्र आमच्याकडे तीन दिवसांनी यायचं. त्यातलं खेळाचं पान मी वाचायचं सोडलं. आपला संघ गेला की नाही, गेला असेल तर गोलमध्ये कोण उभं होतं, हे मी आजतागायत कोणाला विचारलेलं नाही. बांबूचे खांब पावसाआधी कोणीतरी जळणाला नेले. चेंडूतली हवा हळूहळू गेली आणि मी ती भरली नाही. त्या उन्हाळ्याइतका एकटा मी आधीच्या अकरा वर्षांत नव्हतो. आधी कोणी नव्हतंच. आता एक माणूस नव्हता.

जूनमध्ये शाळा उघडली. नाव घालायला आलेल्यांत त्याची आई होती. सोबत शेंडेफळ, एक लहान मुलगी, पाटी छातीशी धरून. दारापाशी उभी राहिलेली तीच बाई, केस पांढरे झालेले. मी रजिस्टर उघडलं आणि सवयीने मुलीला म्हणालो, "हात वर कर बघू. डोक्यावरून."

आईने मुलीचा हात धरून खाली केला.

"मापू नका, मास्तर. मी सांगतां." आणि तिने सांगितलं. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती, नदीला पूर होता, सुईण पलीकडच्या काठाला अडकली आणि ही तिच्याशिवायच झाली. सात आवण्या झाल्या त्याला.

मी टाक खाली ठेवला. मग विचारलं, "आणि मुलगा?"

"तो वाघबारसीचा, दिवाळीच्या तोंडाचा." तिला क्षणभरही आठवावं लागलं नाही. "वाघोबाला नारळ फोडून सगळी परतली न् तो झाला. त्या साली बाजारात मीठ नव्हतां. लढाई होती कुठं त. पाचवीला मी अळणी भात खाल्लां. तुमच्या शाळेत आणला तवा त्याला सहा पुरी नव्हती."

दिवस, साल, साक्षीला सगळा गाव आणि वाघोबासुद्धा. सगळं तिच्याजवळ होतं. अकरा वर्षांत मी किती तारखा लिहिल्या, आणि एकाही आईला कधी विचारलं नव्हतं.

मला गप्प राहता आलं असतं. तिला काही माहीत नव्हतं. मास्तरांनी खटपट केली, कागदाने ऐकलं नाही, एवढंच मुलाने तिला सांगितलं असणार. पण ती समोर बसली होती आणि मुलगी पाटीवर रेघा ओढत होती आणि माझ्याने राहवेना.

"मला जव्हारला सांगितलं होतं," मी म्हणालो. "आईला घेऊन या, ती सांगेल, कागद बदलेल. आठ दिवस होते. मी तुमच्याकडे आलो नाही."

 तिने विचारलं नाही का म्हणून. मीच सांगितलं. "तो जाऊ नये असं वाटलं मला. इथे माझं दुसरं कोणी नव्हतं."

ती मुलीकडे वळली. पदराने मुलीच्या पाटीवरची धूळ पुसली.

"माना पन तसांच वाटलां," ती म्हणाली. "जावा नको. विमानात त नकोच. रोज वाटं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन तुमी येऊन इचारलां असतां, त मी सांगलां असतां."

मी मुलीची तारीख लिहिली, पंचांग काढून, आवणीचा महिना बघून, ती सांगेल तशी. त्या रजिस्टरातली एक जून नसलेली ती पहिली तारीख. आईने अंगठा उठवला, मुलीला वर्गात बसवलं आणि ती पोशेऱ्याच्या वाटेला लागली. त्या रविवारी मीही त्या वाटेने गेलो. वळणाशी थांबलो, खालची घरं बघितली आणि आईला विचारायला जायचं एवढं एकच काम माझं त्या गावात होतं, तेही आता उरलं नाही, हे लक्षात आल्यावर परत फिरलो.